आधी पिळलेलं लिंबू

"पाय बाहेर."

"बाहेरच आहे."

"अंगठा आत आहे."

तिनं अंगठा मागे घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहिली. ओट्यावर सहा लिंबं, बारा फोडी. त्यातल्या आठ पिळून झाल्या होत्या. तो नववी पिळत होता, बोटांच्या फटीतून बिया अडवत, आणि दर अर्ध्या लिंबामागे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. नऊ वाजून बारा.

"सहा?" ती म्हणाली. "कोंबडी शिजवताय की बुडवताय?"

"तू बस जा."

"बसलेच आहे पंधरा दिवस. खुर्चीला माझा आकार आला."

पातेल्याला नुकती उकळी फुटली होती. त्यात रात्रभर भिजलेला पांढरा घेवडा होता, कोंबडीचे तुकडे, दोन कांदे, लसणाच्या डझनभर पाकळ्या, मिरी. आणि आता लिंबू. सगळं. एकदम. समोर कपाटाच्या दारावर त्याच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता: *गॅस बंद, मग लिंबू.* हा धडा तो पाचव्या दिवशी शिकला होता, रस्सा कडू झाला तेव्हा. कागद डोळ्यांसमोर होता, पण हात थांबायला तयार नव्हता. आज या पातेल्यात लिंबाशिवाय दुसरं काही नाही, याची त्याला स्वतःलाच लवकरात लवकर खात्री करून द्यायची होती.

ती नाकानं हवा ओढून थांबली. काहीतरी म्हणणार होती.

म्हणाली नाही. खुर्चीत जाऊन बसली.

पैज

पैज तिनंच लावली होती, दवाखान्यातून घरी आल्या दिवशी, चपला काढायच्या आत.

वर्षभरात दुसऱ्यांदा तिच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायच्या मोजून. "मीठ बंद. कमी नाही, बंद. आणि तिसऱ्यांदा इथं आणायची वेळ येऊ देऊ नका." आणली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. रिक्षात तो तेवढ्याच वाक्याभोवती घिरट्या घालत होता.

तिची गोष्ट वेगळी होती. बाटल्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये अठ्ठावीस वर्षं ती मुख्य स्वयंपाकीण होती. तीनशे माणसांच्या पातेल्यात मीठ पडायचं ते तिच्या मुठीनं. चमचा कधी नाही, चाखणं नाही. मूठ पातेल्यावर एकदा फिरायची आणि तीनशे माणसं मुकाट्यानं जेवायची. अशा बाईला म्हणायचं, की आता अळणी खा.

"पंधरा दिवस तुमचे," ती म्हणाली होती. "मी आत पाऊल टाकणार नाही. पंधराव्या दिवशी दुपारी एकला जे ताटात येईल ते मीठ न मागता संपवलं, तर पुढे जन्मभर तुमचं ऐकीन. नाही संपवता आलं, तर स्वयंपाकघर माझं आणि मिठाचा डबाही माझा. मग जे व्हायचं ते होऊ दे."

"अगं, पण मला साधा भात..."

"शिका. मी नाही शिकले? मी काय आईच्या पोटातून झारा घेऊन आले होते?"

मिठाचा डबा त्यानं त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावर चष्मेवाल्याकडे नेऊन ठेवला.

आज पंधरावा दिवस होता.

सकाळी सात, म्हणजे लिंबाच्या आधी

रोज सात वाजता वजन. न्हाणीघरासमोर काटा, ती त्यावर, तो वाकून आकडा वाचणार. काल साठ किलो शंभर. आज एकसष्ट किलो चारशे.

त्यानं पुन्हा उभं राहायला सांगितलं. काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. एकसष्ट चारशे. तिसऱ्या फरशीवरही तेच. फरशा बदलून काही होत नव्हतं.

मग त्यानं तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा राहिला. अंगठ्याएवढा, नीट, ओल्या मातीत राहावा तसा. भरायला वेळ लागला.

"मी काही खाल्लं नाही हं," ती म्हणाली. "शप्पथ. उगाच माझ्यावर डोळे वटारू नका."

"माहीत आहे."

त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण मीठ तोच घालत होता.

नवव्या दिवसापासून. आठ दिवस ती ताटाशी बसायची आणि अन्न इकडून तिकडे ढकलायची. पहिल्या दिवशी पालकात लिंबू पडून त्याचा रंग शेवाळासारखा झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं मासा सकाळीच लिंबाच्या रसात बुडवून ठेवला, जेवणापर्यंत तो न शिजवताच पांढराफटक झाला, तव्यावर टाकल्यावर त्याचा भुगा. "हा चुना विझवायचा की खायचा?" तिनं विचारलं होतं. पाचव्या दिवशी कडू रस्सा. सातव्या दिवशी साल किसताना खालचा पांढरा भागही किसला गेला, ती एक घास खाऊन म्हणाली, "औषध वेगळं घ्यायची गरजच नाही उरली." हसली. पण जेवली नाही. गालांची हाडं दिसायला लागली होती.

नवव्या दिवशी त्यानं चष्मेवाल्याकडून कागदाच्या पुडीत थोडं मीठ आणलं आणि मसुरात एक चिमूट टाकलं. एकच. वरून लिंबू.

ती दोनदा वाढून घेऊन जेवली. बोटं चाटली. म्हणाली, "बरं झालंय."

एकतीस वर्षं नोकरीत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यानं ते मुलीला फोनवर सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, दुधवाल्यालाही सांगितलं. दहाव्या दिवशी दोन चिमटी. मग बोटं सोडून चमच्याचं टोक. काल अर्धा चमचा, मच्छीत, लिंबाच्या चकत्यांखाली.

एक किलो वाढलं तर लगेच फोन करा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

"एक वाजून जाऊ दे, मग करू," तो स्वतःशी म्हणाला.

दहा पस्तीस

घेवडा कडक.

त्यानं एक दाणा पळीवर घेऊन दोन बोटांत दाबला. दबला नाही. कोंबडी मात्र हाडापासून सुटायला लागली होती. त्यानं आच वाढवली. झाकण ठेवलं, काढलं, ठेवलं. कुकर काढावा असं क्षणभर वाटलं, पण दवाखान्यातून आल्यापासून शिटी वाजली की तिच्या छातीत धडधडायचं, म्हणून कुकर माळ्यावर गेला होता. बाहेर येऊन तिच्याकडे बघितलं. ती वर्तमानपत्र वाचत होती. पाय दुसऱ्या खुर्चीवर. पायांकडे बघितलं. परत आत गेला.

बस डेपोत त्याला 'पाचमिनिटं' म्हणायचे. तो कंट्रोलर होता, गाड्या सोडायचा. उशिरा गाडी सुटणं त्याला माहीत नव्हतं. त्याचा रोग उलटा. प्रवासी चढले, ड्रायव्हर बसला, इंजिन सुरू झालं की त्याला दम निघायचा नाही. शिटी. आठ दहाची गाडी आठ पाचला. मागून लोक पिशव्या घेऊन पळायचे, मुठी दाखवायचे. डेपो मॅनेजरनं एकदा बोलावून घेतलं. "हे बघ पाचमिनिटं, उशिरा सुटलेल्या गाडीची माफी मागता येते. लवकर सुटलेल्या गाडीची कुणाकडे मागणार? माणसं तर मागेच राहिली."

तेवढ्यापुरता तो ओशाळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ पाच.

फोन वाजला. मुलगी.

"बाबा! आज फायनल ना? काय केलंय?"

"कोंबडी. घेवडा घालून. लिंबातली."

"वा! आई काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"म्हणजे आजारीच आहे ती. वजन किती आज?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "साठ."

"साठ आणि?"

"साठ. अगं, पातेलं उतू जातंय, ठेवतो."

पातेलं उतू जात नव्हतं. त्यात पाणी आटलं होतं. त्यानं तांब्याभर ओतलं.

अकरा चाळीस

घेवडा कडक.

दोन तास अठ्ठावीस मिनिटं. त्यानं दाणा दाताखाली धरला. कट्ट. दाढ दुखली. पुडक्यावर लिहिलं होतं, भिजवलेला असल्यास एक तास. त्यानं पुडकं कचऱ्यातून काढून पुन्हा वाचलं. तारीख बघितली. तारखेत काही खोट नव्हती.

"काय म्हणतोय घेवडा?" बाहेरून आवाज.

"होतोय."

"होऊ दे. आपल्याला कुठं गाडी पकडायचीये."

त्याच वेळी दारावर टकटक झाली. त्याचे हात लिंबानं आणि रश्श्यानं भरलेले, फडकं शोधेपर्यंत तिनंच उठून दार उघडलं होतं. चष्मेवाला. कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर एक, खिशात आणखी एक.

"साहेब नाहीत का? आज आले नाहीत न्यायला. म्हटलं आपणच द्यावी वर." आणि त्यानं हात पुढे केला. हातात कागदाची पुडी होती.

तो फडकं हातात घेऊन दारात पोहोचला तेव्हा पुडी तिच्या तळहातावर उघडी होती.

"वहिनी, तुम्ही त्यांना रागावू नका," चष्मेवाला म्हणाला. "बायकोसाठी अळणी खायचं म्हणजे सोपं नाही. माणूस चोरून आपल्यापुरतं घालून घेतो. मी म्हटलं, घ्या की राव, तुम्हाला कुठं बंदी आहे?"

"हो ना," ती म्हणाली. "त्यांना कुठं बंदी आहे. चहा घेता?"

"नको, दुकान उघडं टाकून आलोय."

दार बंद झालं. पायऱ्यांवर त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला.

ती पुडीकडे बघत होती. मग तिनं ती घडी करून मिटली. पहिल्या घडीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. औषधाची पुडी बांधावी तशी.

"अगं, मी..." तो फडक्याला हात पुसत राहिला. "ते मी..."

"नवव्या दिवशी मसुरात एक चिमूट," ती म्हणाली. "दहाव्याला दोन. अकराव्याला वांग्यात. बाराव्याला जास्तच झालं होतं, बटाटा होता म्हणून निभावलं. काल मच्छीत अर्धा चमचा. तुमच्या हाताला अंदाज नाही अजिबात."

तो भिंतीला टेकला.

"तुला ठाऊक होतं?"

"तीनशे माणसांना वाढलंय मी. पहिल्या घासाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पुडी टेबलावर ठेवली.

"तुम्ही दारात उभे होतात. फडकं हातात, तोंड माझ्याकडे. लेकरू शाळेतून चित्र काढून आणतं ना, तसे. त्यात गाढवाला पाच पाय असले तरी कुणी सांगतं का?" मग खालच्या आवाजात, "आणि मला हवंच होतं. तुमच्या नावावर फुकटात मिळत होतं. मी कशाला बोलू?"

"तुझं वजन वाढलंय."

"मला माझे पाय दिसतात."

"मी आज नाही घातलं. शप्पथ. आज नुसतं लिंबू. सहा."

"माहितीये. वास आला." ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. श्वास जरा वर चढला होता. "फोन केलात?"

"एक वाजला की..."

"आत्ता करा."

अकरा त्रेपन्न

दवाखान्यातल्या सिस्टरनं उचलला. त्याला ऐकायला कमी येतं म्हणून फोन नेहमीच मोठ्या आवाजावर असायचा. त्यानं आकडे सांगितले. साठ शंभर, एकसष्ट चारशे, घोट्याला खड्डा.

"काका, काय हे!" सिस्टर म्हणाली. "हे पेशंट ना, सगळे एका माळेचे मणी. तोंडावर हो म्हणतात आणि मागून चोरून खातात. जरा रागवा त्यांना. नाहीतर मला द्या फोन, मी बोलते."

तिनं खुर्चीतून हात हलवला. *म्हणा हो. म्हणून टाका.* तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिच्या नावावर खपून जाण्यासारखं होतं आणि तिची हरकत नव्हती.

तो हो म्हणाला नाही.

"तिनं नाही खाल्लं," तो म्हणाला. "मी घातलं."

"काय?"

"मीठ. स्वयंपाक मी करतो. सहा दिवस घातलं. तिला न सांगता."

पलीकडे कुणाच्या तरी बेडची चाकं वाजली.

"किती?"

"चिमूट. मग दोन. काल अर्धा चमचा."

"तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं ना, काका?"

"हो."

"मग?"

त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गालांची हाडं, पालक, मासा, 'बरं झालंय'. "चुकलं," तो म्हणाला.

सिस्टरचा आवाज बदलला. मऊ झाला नाही, कामाचा झाला. "पाण्याची गोळी आहे ना, ती एक जादा द्या, आत्ता. झोपवू नका, बसवून ठेवा. दम वाढला तर लगेच निघा, नाहीतर तीनला घेऊन या. डॉक्टर बघतील. कदाचित ठेवून घेतील."

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तीनला."

त्यानं गोळी दिली, मोजून अर्धा पेला पाणी दिलं. ती गोळी गिळून म्हणाली, "माझ्यावर टाकलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी काय तिथं नोकरीला आहे?"

तो पेला घेऊन आत गेला आणि नळाखाली दोनदा विसळला.

एक

घेवडा कडक.

त्यानं वाढलं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. कोंबडीचा पार गाळ झालेला, लसूण विरघळलेला, आणि त्या सगळ्यात घेवडा, पांढराशुभ्र, एकेक दाणा अभंग. शेजारी पोळी. तिच्या समोर ताट ठेवून तो म्हणाला,

"राहू दे. पैज तू जिंकलीस. शिजलाच नाही. चार तास झाले, दगड आहे नुसता. मी तुला दूधभात देतो."

"बसा."

"अगं, दात..."

"माझे आहेत. बसा. तुमचं ताट कुठाय?"

तो आपलं ताट घेऊन बसला. तिनं रश्श्यात पोळी बुडवली, खाल्ली. डोळे मिटले, आंबट इतकं. मग चमच्यात तीन दाणे घेतले आणि चावायला लागली.

कट्ट.

"लिंबू आधी घातलंत," ती चावत म्हणाली. "आंबट आधी पडलं की कडधान्य शिजत नाही. आठवडाभर उकळलं असतंत तरी नसता शिजला. चिंच घाला, टोमॅटो घाला, सगळं नंतर. कँटीनला पहिल्याच महिन्यात मी हेच केलं होतं. तीनशे माणसं कटाकटा चावत होती, कारखान्यापेक्षा कँटीनचा आवाज मोठा."

"तुला कधी कळलं?"

"सव्वानवाला."

"आणि गप्प बसलीस?"

"पैज होती ना."

तो हसला नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा चमचा भरला.

"ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात," ती म्हणाली. "सहा दिवस तुमचं खाल्लं. आज तेही नाही."

"मग कशाला खातेस?"

"आज त्यात दुसरं काही नाहीये म्हणून."

ती खात राहिली. एका वेळी तीन दाणे, मग दोन. मधेच थांबायची, ताटाच्या कडेवर मनगट टेकवून श्वास घ्यायची. त्यानं एक दाणा चावून बघितला, दुसरा चावला, दाढ धरून बसला. तिनं ताट बाजूला सारलं नाही. सव्वा झाला, दीड झाला. एकदा तिचा हात ताटाच्या उजव्या बाजूला गेला, मिठाची वाटी जिथं असायची तिथं, आणि टेबलावर तसाच पालथा पडून राहिला. मग तिनं तो उचलून चमच्याकडे नेला.

दोनला दहा कमी असताना ताट रिकामं झालं. मीठ तिनं मागितलं नव्हतं.

अडीच

त्यानं पिशवी भरली. फाइल, गोळ्या, टॉवेल, तिचा कंगवा. तिला दाराशी खुर्चीवर बसवलं आणि तिच्या चपला पुढे ठेवल्या. डावी निम्म्यावर अडकली. त्यानं पट्टा सैल केला, शेवटच्या भोकापर्यंत. पाय आत जाईना. उजवीचंही तेच. तो गुडघ्यावर बसून पट्ट्याशी झटत राहिला. वर बघितलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली.

तो उठला. आपल्या चपला काढल्या, रुंद, काळ्या, टाचेशी झिजलेल्या. एकेक करून तिच्या पायांत घातल्या. बसल्या.

"आणि तुम्ही?"

"मला चालतंय असंच."

दाराला कुलूप लागलं. ती कठड्याला धरून पहिली पायरी उतरली. चपला तिच्या पायांपेक्षा दोन बोटं लांब होत्या, दर पायरीला मागून फट् करून वाजत होत्या. दुसरी पायरी. थांबली. तिसरी. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट द्यायला ती भिंतीला लागून उभी राहिली, श्वास घेत.

"उद्या आणि कुळीथबिळीथ भिजत घालू नका, काय," ती मागे न वळता म्हणाली. "मी आल्यावर बघू."

"बरं."

तो एक पायरी सोडून मागे उभा होता, अनवाणी, पिशवी छातीशी धरून. ती पाय उचलेपर्यंत त्यानं आपला उचलला नाही.